रघूची तिथी

कमलाक्कांना सगळं आठवायचं. चिकपेटेतल्या सासरच्या जिन्याची कोणती पायरी हलायची, लग्नात कोणता व्याही पानावरून रुसून उठला, सगळं. नात्यात कुणाला एखाद्या गेलेल्या माणसाची तिथी हवी असली की फोन मारतहळ्ळीला, अक्कांना. "भाद्रपद वद्य षष्ठी. त्या दिवशी आमच्याकडे दूध नासलं होतं." पंचाहत्तराव्या वर्षीसुद्धा अशी स्मरणशक्ती. आणि स्वतःच्या पाठच्या भावाची तिथी तेवढी त्यांना ठाऊक नव्हती.

रघुनंदन त्यांच्याहून तीन वर्षांनी धाकटा. कॉलेजात असताना त्याचं डोकं फिरलं. तेव्हा असंच म्हणत. भिंतींशी बोलायचा, ताट भिरकावायचा. वडिलांनी त्याला यशवंतपूरच्या पलीकडे 'शांतिधाम' नावाच्या सरकारी इस्पितळात नेऊन ठेवलं आणि चारचौघांत सांगितलं, मुंबईला नोकरी लागली. लेकीलाही तेच सांगितलं. भाऊ वेडा आहे हे सासरी कळलं असतं तर तिला तिथं कुणी सुखानं राहू दिलं नसतं.

बारा-तेरा वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दुपारी म्हणाले, "रघू मुंबईला गेला नव्हता गं. शांतिधामात होता. तिथंच वारला."

"कधी?"

"मी वर्षानं भेटायला गेलो, तर खाट रिकामी. विचारायचा धीर झाला नाही." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हापासून सर्वपित्री अमावास्येला अक्कांचा मुलगा श्रीहर्ष तर्पण करताना रघूमामाचं नाव घ्यायचा. ज्यांची तिथी माहीत नाही त्या सगळ्यांचा तो दिवस. बेवारशांच्या पंगतीत रघूला बसवल्यासारखं अक्कांना वाटायचं. त्याला त्याचा स्वतःचा एक दिवस मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याची मुग्धा राहायला आली. आयटीतली पोरगी, बोलायला फटकळ, पण मायाळू. तिनं ही कहाणी ऐकली आणि म्हणाली, "अक्का, आरटीआय टाकू या! सरकारी हॉस्पिटल म्हणजे रेकॉर्ड असणारच. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, कायदा आहे."

"कायद्याला कोण भितंय गं? आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा भीत नाही."

"तुम्ही फक्त सही करा. कुत्र्याचं मी बघते."

शांतिधाम बंद पडून जमाना झाला होता. त्याचे कागद पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका सरकारी कचेरीत होते. मुग्धानं अर्ज लिहिला, खाली अक्कांनी कन्नडमध्ये ठसठशीत सही केली: कमला.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. फाइल क्रमांक २१२ उपलब्ध आहे. मात्र माहिती खासगी स्वरूपाची आहे. रुग्णाची नातेवाईक म्हणून 'बहीण सुनंदा' एवढीच नोंद असल्यामुळे अर्जदार कमला यांनी नात्याचा पुरावा द्यावा.

अक्कांनी ते तीनदा वाचलं. "माझं नाव सांगितलं गं त्यानं."

"तुमचं?"

"माहेरची सुनंदा मी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'कमला' लिहिलं आणि झाले कमला. रघू पंधरा वर्षांचा होता. भर मांडवात पाय आपटत म्हणाला, मी नाही हिला कमलाबिमला म्हणणार." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "शेवटपर्यंत नाहीच म्हणाला."

दोघी पीण्याला गेल्या. कचेरीखालच्या कारखान्यात लेथ यंत्र घरघरत होतं, त्यानं टेबलावरचे चहाचे पेले थरथरत होते. माहिती अधिकारी विश्वेश्वर नावाचे, सौम्य गृहस्थ.

"अज्जी, फाइल मी वाचलीय. त्या कपाटात आहे."

"मग एक तारीख वाचून सांगा, बाळा. फाइल नको मला."

"कसं सांगू? उद्या दुसरी कोणी सुनंदा आली तर? नाव बदलल्याचं गॅझेट आणा."

"गॅझेट कसलं? तांदळाचं ताट होतं."

"ताट चालत नाही, अज्जी."

"आता आणू म्हटलं तरी कुठून आणू? दुसऱ्या दिवशी त्याची खीर करून खाल्ली आम्ही."

विश्वेश्वर हसले, मुग्धाही हसली. कपाट मात्र उघडलं नाही. "स्वल्प पुरावा आणा," ते म्हणाले, "शाळेचा दाखला, काहीही. त्याच दिवशी देतो."

शाळेच्या जागी आता कपड्यांचं दुकान होतं. शाळेची दप्तरं कुठं गेली, कुणाला ठाऊक नव्हतं. प्रतिज्ञापत्रावर साक्ष द्यायला दोन मैत्रिणी आठवल्या. एक वारली होती, दुसरी पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हती. अक्का फोन करत राहिल्या. सात महिन्यांनी म्हैसूरच्या एका चुलतभावाच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली. पिवळी पडलेली, पण अक्षर शाबूत: चि. सौ. कां. सुनंदा. वरचं नाव अक्कांच्या वडिलांचं, खालचं नवऱ्याचं. पुरावा म्हणावा तर असा!

पीण्याच्या कचेरीत विश्वेश्वरांची बदली झाली होती. खुर्चीत तरुण माणूस होता. त्यानं पत्रिका हातात न घेताच संगणकात पाहिलं.

"ही फाइल नष्ट झाली. जुन्या कागदांची स्वच्छता मोहीम होती ना, दोन महिन्यांपूर्वी."

"अहो, पण आमचा अर्ज चालू होता!" मुग्धाचा आवाज चढला. "अर्ज पेंडिंग असताना फाइल नष्ट कशी करता?"

"चालू कुठं, मॅडम? आम्ही मुदतीत उत्तर दिलं. तुम्ही पुरावा दिला नाही. सरी, झालं मग, अर्ज बंद."

"पुरावा शोधतच होतो आम्ही!"

"ते अर्जात कुठं लिहिलंय?"

मुग्धा भांडत राहिली. अक्का कपाटाकडे बघत होत्या. कपाट उघडंच होतं आणि आत नवी कोरी रजिस्टरं रचून ठेवली होती. शेवटी त्या माणसालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं एक कागद छापून शिक्का मारून दिला. "नष्ट केलेल्या फायलींची यादी. ही मात्र तुम्हाला मिळू शकते, अज्जी."

बाहेर येऊन अक्का पायरीवर बसल्या आणि बोटानं ओळ शोधू लागल्या.

'२१२. रघुनंदन. पानं ४१. सोबत परत आलेलं पोस्टकार्ड १, मृत्यू कळवल्याबाबत. पत्ता: सुनंदा, चिकपेट. टपाल खात्याचा शेरा: या नावाचं कोणी राहत नाही.'

त्यांचं बोट तिथंच थांबलं.

"अपील करू," मुग्धा म्हणत होती. "आयोगापर्यंत जाऊ. ह्यांना सोडायचं नाही."

"मी होते गं घरात," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"पोस्टमन दारात आला. सुनंदा कोण, म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, इल्ली सुनंदा अन्नोरु यारू इल्ला. अशी कोणी नाही इथं. मी आत उडीद वाटत होते. ऐकलं मी. वाटलं, शाळेतल्या कुण्या मैत्रिणीचं कार्ड असेल. ओ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घरात माहेरचं नाव काढलं की दोन दिवस कुणी बोलायचं नाही माझ्याशी. म्हटलं, जाऊ दे. एका कार्डासाठी कशाला."

मुग्धा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. जपून तिनं विचारलं, "अक्का, कार्ड आलं म्हणजे तो नुकताच गेला असणार. दिवस आठवतो? तुम्हाला तर सगळं आठवतं."

अक्कांनी डोळे मिटले. सासूबाईंचं जांभळं इरकल आठवलं. पोस्टमनच्या तुटक्या वहाणेचा आवाज आठवला, दगडी रगड्याच्या काठावरून ओघळलेलं पीठ आठवलं, आणि ते बोटानं निपटून घेताना मनात आलेला विचार, की उद्याच्या इडल्यांना पीठ पुरेल ना. चैत्र होता का? की श्रावण? ऊन होतं. उन्हाचे दिवस तर वर्षात किती. त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होत्या, दार, हाक, सासूबाईंचं उत्तर, आणि दर वेळी तिथंच येऊन थांबत होत्या.

"श्रीहर्ष तेव्हा रांगत होता की चालायला लागला होता?" त्यांनी मुग्धालाच विचारलं. तिचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.