न उचललेलं पेन

शेखर गेला आणि त्याचं पेन मागे राहिलं. खिशातलं नव्हे, कोडमधलं. कॅनडा कॉर्नर चौकातल्या ऑफिसात त्याने चित्रं काढणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा, फंक्शनांचा संच, लिहिली होती. तिला सांगाल तशी ती वर्तुळं, चौकोन, रेघा काढायची, आणि चित्र भिंतीएवढं मोठं केलं तरी कड फाटायची नाही. पिंपळगावच्या द्राक्षपेट्यांवरची लेबलं तिच्यातूनच निघत. चित्रं देखणी, पण लायब्ररी वापरणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे. वर्तुळाला आधी मध्य सांगा, चौकोनाला आधी रुंदी, आणि रेघेला सुरुवात सांगायचीच नाही! पेन मागच्या वेळी जिथे थांबलं, तिथूनच रेघ निघणार. ते कुठे थांबलं हे फक्त शेखरला ठाऊक.

त्याची सहकारी तेजस्विनी यावरून कायम भांडायची. "प्रत्येक फंक्शनला कुठून कुठे ते स्पष्ट सांगायचं, सगळ्यांना एकाच क्रमाने. मागचं काही लक्षात ठेवायचं नाही."

"मागचं विसरून कुणी रेघ ओढतं का गं?" तो हसायचा.

मग एका सकाळी दिंडोरी रस्त्यावर त्याची गाडी ट्रॅक्टरला धडकली, आणि भांडायलाही कुणी उरलं नाही. लायब्ररी तेजस्विनीच्या गळ्यात पडली. तिने सगळी फंक्शनं नव्याने लिहिली: आधी जागा, मग माप, मग रंग. शेखरचं ते पेनच काढून टाकलं.

तरीही रेघ येत होती. कोणतंही चित्र काढा, डाव्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघायची आणि मध्येच थांबायची. पुढच्या चित्रात ती आणखी थोडी सरकलेली असायची. कोडमध्ये तिचा पत्ताच नव्हता. तेजस्विनीने जुना कोड मुळासकट उपटला, मशीन बदललं, पण रेघ आली ती आलीच. भरदुपारी, शेजारी माणसं बसलेली असताना, तिने स्क्रीन बंद करून टाकला.

त्याच आठवड्यात शेखरची आई, वत्सलाबाई, त्याचा डबा न्यायला आल्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "पोरी, पिठावर काय बी उमटलं नाय."

तेजस्विनीला लगेच कळलं. माणूस गेल्यावर दिव्यापाशी पीठ पसरून त्यावर टोपली झाकतात. गेलेला ज्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणे.

"किडामुंगीचं बी नाय. मंग गेला कुठं माझा पोरगा? अडकला का काय?"

सांगावं की नाही, तेजस्विनीला कळेना. शेवटी तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि चौकोन काढला. चौकोनाबरोबर रेघही आली, कालच्यापेक्षा पुढे.

"ही मी काढत नाही, मावशी."

वत्सलाबाईंनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. डोळ्यांना पदरही लावला नाही. "जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "अडकवून नको ठेवू."

जाऊ द्यायचं म्हणजे करायचं काय? तेजस्विनीने शेखरचा कोड आठवून पाहिला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्याने पेन टेकवायचं फंक्शन लिहिलं होतं, उचलायचं लिहिलंच नव्हतं. तिने ते लिहायला घेतलं. बाकीच्यांसारखंच, आधी जागा. जागा म्हणून रेघ थांबली होती तो बिंदू दिला. मग ते चालवून चौकोन काढला.

चौकोन आला. नुसता चौकोन.

"गेला?"

"गेला, मावशी."

वत्सलाबाईंनी मान हलवली. डबा उचलला, परत ठेवला. मग इतका वेळ दाबलेला हुंदका फुटला. "पोरी, एकदाच परत आण गं त्याला. म्या नीट पाह्यलंच नाय."

तेजस्विनीने ते फंक्शन घाईघाईने पुसलं. चौकोन काढला, वर्तुळ काढलं. बॅकअपमधून शेखरचा जुना कोड शोधून तोही चालवला. वत्सलाबाई स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या. प्रत्येक फंक्शनने सांगितलं तेवढंच काढलं.