घुस आत!

बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दुकानाच्या पाटीवरही नुसतं 'काचा बसवून मिळतील' एवढंच लिहिलेलं होतं. दिवसभर तो काच कापायचा. या कामात बोलायचीसुद्धा सोय नसते. पट्टी धरून रेघ ओढायची, खालून हलकेच ठोकायचं, मग दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यायचा. मध्येच शिंक आली तरी नुकसान. असा आठवडाभर तुंबलेला आवाज तो सामन्याच्या दिवशी बाहेर काढायचा, आणि तो आवाज एकाच कामासाठी असायचा. एखादा खेळाडू बॉल घेऊन रिंगपासून लांब घुटमळायला लागला की भोंगा उभा राहून ओरडायचा, "घुस आत!"

त्याची जागा बरोबर रिंगच्या मागे. त्या जागा मिळवायला एके काळी लोक वशिले लावत, कारण सगळा खेळ तिथेच चालायचा. दोन धिप्पाड गडी एकमेकांना रेटत उभे. एकाची पाठ रिंगकडे, दुसऱ्याची छाती त्याच्या पाठीला टेकलेली. मग एक खांदा, एक गिरकी, कोपरावर कोपर, आणि बॉल रिंगमागच्या फळीला लागून आत. फळी थरथरायची ती पहिल्या रांगेला दिसायची. घामाचे थेंबसुद्धा दिसायचे. भोंग्याने आरोळी ठोकली की अख्खा स्टँड त्याच्यामागे ओरडायचा. शेजारी बसणारे दातांचे डॉक्टर तर दिवसभर लोकांना 'आ करा' सांगून कंटाळलेले असत, ते इथे येऊन स्वतः आ करायचे.

मग कुणीतरी हिशेब मांडला. लांबच्या रेषेबाहेरून बॉल टाकला तर गुण तीन, आतून टाकला तर दोन. मग हाडं मोडून घ्यायला आत जायचंच कशाला? हिशेबात चूक नव्हती, आणि हीच तर खरी पंचाईत होती. बघता बघता सगळे रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. रिंगखाली शुकशुकाट. सहा फुटांचा असो की सात, जो तो लांबूनच टाकायला लागला. भोंग्याच्या जागेवरून आता खेळाडूंचे चेहरेही धड दिसत नसत. दिसायचा तो लांबून येणारा बॉल, एकामागून एक. नव्या पोरांना मात्र त्याचं भारी कौतुक. बॉल हवेत असतानाच ती उठून तीन बोटं वर करायची. आणि खोटं कशाला बोला, खेळ वेगवान झाला होता, गर्दीही वाढली होती. पण भोंग्याला आपल्याच घरात पाहुणा म्हणून बसल्यासारखं वाटायचं. डॉक्टर तर यायचेच बंद झाले. भोंगा एकटाच ओरडत राहिला. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढून फिरवला, आणि तो रस्त्यातून जाताना अनोळखी लोक हसून म्हणायला लागले, "काका, घुस आत!" तोही हसायचा. पण ते त्याला लागायचं.

इथवर सगळं ठीक होतं. एका प्रेक्षकाचा खेळ हरवला म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण भोंग्याला एक मुलगा होता.

बायकोच्या माहेरची माणसं ताडमाड, आणि मुलगा त्यांच्यावर गेला. दुकानात उंच खिडकीचं काम आलं की त्याला काही घ्यावं लागायचं नाही, नुसता हात वर करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शिडी. तो सहा वर्षांचा असतानाच भोंग्याने दुकानामागच्या अंगणात लोखंडी रिंग ठोकली आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर म्हणावी इतक्या जवळ, चुन्याची रेघ ओढली. सांगितलं, "हे तुझं घर. घराबाहेर पाय टाकायचा नाही." पाठ लावून रेटायचं कसं, खांदा कुठे घालायचा, गिरकी कधी घ्यायची, हे सगळं त्याने पोराला शिकवलं. स्वतः उभ्या आयुष्यात एकही सामना खेळला नव्हता, पण इतकी वर्षं पहिल्या रांगेतून पाहिलेलं सगळं त्याच्या अंगात मुरलं होतं. पोराचा पाय रेघेबाहेर पडला की दुकानातून आरोळी यायची. हातात काच असली तरी यायची. त्यापायी कितीतरी काचा वाया गेल्या, पण भोंग्याने त्यांचं कधी दुःख केलं नाही.

शिडी खरंच चांगला झाला. जुन्या काळात असता तर क्लबने त्याला घरून उचलून नेला असता. पण तो काळ संपला तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता, आणि बापाने काही त्याला ते सांगितलं नाही. क्लबच्या तरुण संघात उंचीमुळे घेतला, मग बाकावर बसवला. नवा प्रशिक्षक भोंग्याच्या थोरल्या मुलीच्या, म्हणजे शिडीच्या ताईच्या वयाचा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढ्या उंचीचा माणूस बाहेरून मारू शकत नसेल तर त्याचं करायचं काय? कपाटावरचे डबे काढायला ठेवायचा?" सगळे हसले. शिडीही हसला म्हणे. हे भोंग्याला मुलीकडून कळलं.

तरुण संघात खेळायचं शिडीचं वय आता संपत आलं होतं. या मोसमाआधी निवड सामना व्हायचा होता, त्यातून एकालाच मोठ्या संघाचा करार मिळणार होता. मिळाला तर खेळाडू. नाही मिळाला तर काचेचं दुकान होतंच. शिडीला काच कापता यायची नाही, हात थरथरायचे. त्याला खेळाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि येत होता तो खेळही आता चालत नव्हता.

एके सकाळी भोंगा एका शाळेत फुटलेल्या खिडकीचं माप घ्यायला गेला. शाळेच्या मैदानावर त्याला शिडी दिसला, आणि बॉल परत फेकायला रिंगखाली उभी असलेली त्याची ताई. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. कामावर घालायचा पांढरा कोट तिने खांद्यावर टाकलेला होता. शिडी रेषेच्या बाहेर होता, चांगला लांब. त्याने बॉल वर उचलला आणि सोडला. बॉल जाळीतून गेला, रिंगला शिवलाही नाही. मग दुसरा. मग एक चुकला. मग पुन्हा गेला.

भोंग्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पाठीमागे, आणि तेही हिच्या मदतीने! तो भिंतीआडून पुढे होणार इतक्यात शिडी काहीतरी बोलला आणि दोघं भावंडं खो खो हसली. त्या अंगणातल्या रिंगखाली शिडी हसलेला भोंग्याला एकदाही आठवेना. तो तिथेच थिजला. माप न घेताच घरी गेला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "शाळेच्या मैदानावर पाहिलं मी."

शिडीचा घास हातातच राहिला. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "बाबा, मी सांगणारच होतो..."

"चांगला जातोय," भोंगा म्हणाला. "मनगट छान सुटतंय."

मग आईने पोराच्या ताटात आणखी वाढलं आणि तिला उगाच रडू आलं.

"निवड सामन्याला येऊ ना मी?" भोंग्याने विचारलं. आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"या ना," शिडी म्हणाला. "पण बाबा, तेवढं..."

"नाही ओरडणार."

"तुम्हाला जमणार नाही."

"अरे, दिवसभर काच कापतो मी. गप्प बसायचं मला शिकवतोस?"

सामन्याच्या दिवशी निघताना बायकोने बजावलं, "अहो, आज तरी तोंडाला कुलूप घाला." भोंग्याने खिशातला रुमाल काढून तिला दाखवला. वेळ पडली तर हा कोंबेन, म्हणाला. ती हसली, पण तो थट्टा करत नव्हता.

सामना दुपारचा. आत मोजकीच माणसं, बहुतेक खेळाडूंच्या घरची. भोंगा आणि ताई रिंगच्या मागेच बसले. सवयीने पाय तिकडेच वळले. शिडीच्या विरुद्ध संघातही एक उंच मुलगा होता, आणि जागा या दोघांतल्या एकालाच मिळणार हे उघड होतं.

पहिल्यांदा शिडीकडे बॉल आला तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. समोरचा अंगावर धावून येत होता, शिडीने घेतला आणि लांबूनच मारला. गेला! ताईने बापाच्या मांडीवर चापट मारली. प्रशिक्षकाने मान वर केली. थोड्या वेळाने तसाच घाईत आणखी एक, तोही गेला. शिडीने स्टँडकडे पाहिलंसुद्धा नाही. मधल्या काळात त्याच्याकडे लांब बॉल आला की भोंग्याच्या छातीतून ती आरोळी गळ्यापर्यंत यायची, इतक्या वर्षांची लागलेली सवय ती. तो ओठ दाबायचा. शेवटी त्याने खरंच रुमाल काढून दातांत धरला. शेजारच्या बाईंना वाटलं, याची दाढ दुखतेय.

सामना संपत आला आणि शिडीचा संघ दोन गुणांनी मागे होता. बॉल फिरत फिरत कोपऱ्यात शिडीकडे आला. तो रेषेबाहेर उभा, आणि जवळ चिटपाखरू नाही. त्याला अडवायला ठेवलेला तो उंच मुलगा घसरून पडला होता. शाळेच्या मैदानावर असतो तसा, हवा तेवढा वेळ होता. प्रशिक्षक बाकावरून उठला. शिडीने बॉल वर उचलला.

भोंगा सर्व ताकदीनिशी रुमाल चावत होता. आत कुठेच आवाज नव्हता. वर दिव्यांची गुणगुण ऐकू यावी इतकी शांतता होती. मार, तो मनात म्हणत होता, मार रे राजा, मार. आणि ते तो अगदी मनापासून म्हणत होता.

शिडीची मान किंचित वळली, कुणी हाक मारल्यावर वळते तशी. हात खाली आले. त्याने बॉल आपटला, खांदा खाली घेतला आणि आत घुसला. तोवर पडलेला मुलगा उठला होता, आणखी दोघं आडवे आले होते. तिघांच्या मध्ये शिडीने पाठ लावली, अगदी अंगणात शिकवल्याप्रमाणे. खांदा बरोबर होता, गिरकीही बरोबर होती. कुणीतरी हात घालून बॉल काढून घेतला आणि शिट्टी वाजली.

करार त्या दुसऱ्या मुलाला मिळाला. प्रशिक्षकाने शिडीच्या पाठीवर थोपटलं आणि कराराचा कागद घेऊन तो निघून गेला.

भोंगा आणि ताई बाहेरच्या बोळात थांबले. ताईचे डोळे लाल झाले होते. शिडी बॅग घेऊन बाहेर आला, दारातून वाकून. भोंग्याला वाटलं होतं तो रडत येईल. तो रडत नव्हता. तो शांतपणे बापासमोर उभा राहिला.

"बाबा, शेवटच्याला ओरडायला नको होतं."

ताईने तोंड उघडलं. "अरे, बाबा तर..."

भोंग्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती कळवळली.

"हात वर गेला होता माझा," शिडी म्हणाला. "मी मारणारच होतो. आणि तुम्ही ओरडलात. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मग पाय आपोआपच गेले."

भोंगा त्याच्याकडे पाहत राहिला. सहा वर्षांचं पोर त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि एका क्षणात त्याला सगळं कळून चुकलं. आपण काय बांधून ठेवलंय ते कळलं, आणि ते आता कुठल्याच हत्याराने काढता येणार नाही हेही कळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "निघून गेलं तोंडातून. सवय वाईट."

"तुम्ही ओरडला नसतात तर गेला असता तो बॉल."

"गेलाच असता. वादच नाही."

शिडीने सुस्कारा सोडला. त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलेलं भोंग्याला स्पष्ट दिसलं. "दुसऱ्या एका क्लबची चाचणी आहे," शिडी म्हणाला. "इथून लांब आहे, पण वयाची अट नाही. जाऊ मी?"

"जा की."

"तुम्ही मात्र येऊ नका."

"नाही येणार."

"शप्पथ?"

"शप्पथ. दुकान सोडून हलणार नाही मी."

शिडीने मान डोलावली आणि लांब ढांगा टाकत बसस्टॉपकडे निघाला. मागून ताईने बापाचा हात झटकला.

"बाबा, तुमच्या तोंडात रुमाल होता. मी बघत होते. शब्द नाही काढलात तुम्ही. मग कशाला घेतलंत अंगावर?"

"हळू बोल."

"का पण?"

"मी ओरडलो असेन तर मला घरी ठेवून तो कुठेही जाऊन खेळू शकतो," भोंगा म्हणाला. "मी ओरडलोच नाही हे त्याला कळलं, तर तो कुणाला घरी ठेवणार?"

पुढे शिडीने बस थांबवून ठेवली होती आणि तो हात हलवून त्यांना लवकर या म्हणत होता. दोघं भरभर चालायला लागले.