खालच्या चकत्या

सगळ्यांनाच भोकं पडली होती. धाकटीने ओव्हनमधून एक ट्रे काढून ओट्यावर ठेवला, दुसरा काढला, जॅमची बरणी उघडून चमचा बुडवला आणि मग तिच्या लक्षात आलं, की हा जॅम लावायचा कशावर? दोन्ही ट्रेंमधल्या झाडून सगळ्या चकत्यांच्या मधोमध गोल भोक होतं. जिच्यावर जॅम बसतो आणि मग वरून भोकाची चकती ठेवतात, ती खालची, बिनभोकाची चकती औषधालासुद्धा नव्हती.

"घ्या," ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. "चहाबरोबर भोकं खा."

जॅमची बिस्किटं या घरात वर्षानुवर्षं दोघी बहिणी मिळून करत आल्या होत्या आणि कामं ठरलेली होती. ताई लोणी आणि साखर फेसायची, मैदा मळायची, गोळा थंड करायची, लाटायची, वाटीने चकत्या पाडायची. अर्ध्या स्वतःच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि अर्ध्या धाकटीकडे सरकवायची. धाकटी त्यांना अंगुस्तानाने भोक पाडायची. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते हे अंगुस्तान, भोकाला अगदी बेताचं. समोर येईल त्याला भोक पाडायचं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक. समोर काय यायचं आणि काय नाही हे ताई बघायची. आज बघायला कोणी नव्हतं आणि समोर सगळंच आलं.

कामावरही धाकटीची तीच तऱ्हा. शिंप्याच्या दुकानात ती काजं करायची. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, कॉलरचा कारागीर वेगळा. शर्ट तिच्यापाशी जवळपास पुरा होऊनच यायचा आणि ती त्याला बटणांसाठी काजं करून द्यायची. "जन्मभर भोकं पाडली, पण अख्खा शर्ट काही माझ्या नावावर नाही," असं ती हसत सांगायची, आणि दुकानातले लोकही हसायचे.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. आईवडील गेले, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी धाकटी ती धाकटीच. ताई घरात होती तोवर ते शोभतही होतं. मग साठी उलटल्यावर ताईने लग्न केलं. नवरा पुलापलीकडचा घड्याळजी, विधुर, गरीब स्वभावाचा. भिंतीवरचं एकच घड्याळ पुन्हापुन्हा दुरुस्तीला जायला लागलं तेव्हाच धाकटीने ओळखायला हवं होतं, पण घड्याळ जुनं आहे यावर तिचा विश्वास होता. लोकांनी तोंडात बोटं घातली. धाकटीने साक्षीदार म्हणून सही केली, फोटोत हसली, घरी आली आणि दोघींचा स्वयंपाक करून बसली.

त्यानंतर ताई अधूनमधून एकटी, उभ्या उभ्या येऊन जायची. आज मात्र ती नवऱ्याला घेऊन चहाला येणार होती. "एक बोलायचंय तुझ्याशी," असं तिने फोनवर सांगितलं होतं, आणि जाता जाता हेही, की त्यांच्या घरातली मागची खोली रिकामी आहे, नुकताच रंग दिलाय.

काय बोलायचंय ते कळायला धाकटीला ज्योतिषी नको होता. तिने उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. पहिल्यांदा विचारलं की साफ नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की थोडं हसून नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बघू' म्हणायचं, आणि सामान बांधायला घ्यायचं. कोणती पातेली न्यायची हेही मनाशी ठरलं होतं. संध्याकाळी कुलूप उघडून आत येताना घर जे अंगावर यायचं, त्याला ती फार कंटाळली होती. फक्त एक होतं. ताईने बोलवावं ते हौसेने. बिचारी एकटी पडलीय, काही जमत नाही तिला, म्हणून नव्हे.

ही भोकंच ताईसमोर ठेवावीत, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. ताईला एका नजरेत सगळं कळलं असतं, तोंड उघडायचीही गरज पडली नसती. पण मग ते बोलावणं दयेचं झालं असतं. धाकटीने पिशवी उचलली आणि लोणी आणायला खाली उतरली.

"पुन्हा लोणी?" कोपऱ्यावरची दुकानदारीण म्हणाली. "सकाळीच नेलंत ना? पाहुणे आहेत की पलटण?"

"ताई आणि भाऊजी येतायत."

"मग आता तुम्हालाही घेऊन जातील बघा."

"मी कशाला जाऊ? माझं घर आहे मला."

"आणि बोलावलं तर?"

"बोलावलं तरी नाही," धाकटी म्हणाली, आणि हे वाक्य आपल्याला चांगलं जमतंय असं तिला वाटलं.

घरी येऊन तिने पुन्हा पीठ मळलं. लाटताना कड फाटायची, मधे जाड राहायचं. ताईचं लाटणं ती इतकी वर्षं बघत आली होती, पण बघून लाटता आलं असतं तर काय हवं होतं. गोळा मोडून तिने पुन्हा लाटला. चकत्या पाडल्या आणि अंगुस्तान घातलेलं बोट पुढे गेलंच. तिने ते मागे घेतलं, अंगुस्तान काढलं आणि बाहेरच्या खोलीत शिवणाच्या डब्यात टाकून आली. या वेळी चकत्या अखंड भाजल्या गेल्या, कडेला किंचित तांबूस. त्यांच्यावर जॅम, जॅमवर भोकाची चकती, वरून पिठीसाखर. भोकातून जॅम लालभडक दिसायला लागला. भोकाच्या चकत्यांचा जो एक ट्रे उरला तो तिने ओव्हनमध्ये ढकलून दार लावलं.

चहाच्या वेळेला दोघं आली. घड्याळजी खुर्चीच्या कडेवर बसले, जणू खुर्ची कोणाची तरी मागून आणलेली आहे. ताईने मात्र आल्या आल्या खिडकीच्या काचेवरून, टेबलावरून, पडद्यांवरून नजर फिरवली. कुठे धूळ सापडली नाही.

"घ्या ना भाऊजी, अजून एक घ्या."

"घेतो. फारच छान झालीत हो," घड्याळजी म्हणाले. "ही तर म्हणायची, दोघी असल्याशिवाय ही बिस्किटं होतच नाहीत."

"होतात की," धाकटी म्हणाली.

ताईने आपलं बिस्किट उलटं करून खालून बघितलं. "हे तू लाटलंस?"

"मग कोण लाटणार?"

"माझ्याहून पातळ झालंय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं," ताई म्हणाली आणि हळूहळू खात राहिली.

चहा संपला तशी ती कप गोळा करून उठली. सवयच ती. कप विसळायचे, ओटा पुसायचा, ओव्हन उघडून ट्रे बाहेर काढायचे. धाकटी झटकन दारात आडवी आली.

"राहू दे ताई. तू बस. पाहुणी आहेस तू."

ताईच्या हातातले कप तिने काढून घेतले. ताईचा चेहरा उतरला. ती मागे वळून नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

आत धाकटीने कप ठेवले आणि तिचा हात ओव्हनच्या दारावर गेला. हा ट्रे उचलावा, बाहेर नेऊन ताईच्या मांडीवर ठेवावा आणि म्हणावं, बघ, तू गेल्यापासून हे असं चाललंय माझं. दार अजून कोमट होतं. तिने नळ सोडला, कप विसळले, हात पुसले आणि बाहेर आली.

"खरं सांगू?" ताई म्हणाली. "येताना सगळ्या वाटेत तुझाच विचार चालला होता माझा. म्हटलं, कशी असेल, वेळेवर खात असेल की नाही. ह्यांना सांगूनच ठेवलं होतं, तिला घेऊन यायचं आपल्याकडे. मागची खोली त्यासाठीच रंगवली. आणि इथे बघते तर घर आरशासारखं लखलखतंय, बिस्किटं माझ्याहून सरस. तुला आता काय बोलावायचं? बोलावलं तर उलट तुलाच राग यायचा."

पहिला नकार धाकटीच्या ओठावर होता. पण विचारलंच नाही त्याला नाही कसं म्हणणार?

"मी कुठे जाणारे," ती म्हणाली. "काय वाईट आहे माझं इथे?"

"तेच म्हणते मी." ताईने डोळे टिपले. "मनावरचं ओझं उतरलं गं माझ्या."

घड्याळजींनी घसा साफ केला. "मग ती खोली त्या नर्सला भाड्याने देऊन टाकू या का? परवा विचारत होती. उद्या हो म्हणून सांगता येईल."

ताईने धाकटीकडे पाहिलं. "देऊ ना?"

बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. धाकटीने टेबलावर सांडलेली पिठीसाखर तळहाताने एका कडेला आणली.

"द्या की," ती म्हणाली. "रिकामी कशाला ठेवायची?"

जाताना तिने उरलेली बिस्किटं डब्यात भरून दिली. घड्याळजी पुढे उतरायला लागले, त्यांच्या मागून ताई, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. वळणावर ताई थांबली आणि तिने मान वर केली. धाकटी कठड्यावरून खाली वाकली. विचार, ती मनात म्हणाली, एकदा नुसतं ये म्हण, मी अशीच्या अशी खाली येते.

"दार लावून घे गं," ताई म्हणाली. "वारा सुटलाय."

"लावते," धाकटी म्हणाली.