बाकावरची गैरहजर

रोज सकाळी प्रज्ञा लेकीची वेणी घालायची आणि केसर ती शाळेच्या फाटकापर्यंत मिरवायची. फाटकाशी आली की वेणी सोडायची, केस कॉलरच्या आत खुपसायची आणि मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहायची. रेवदंड्याजवळच्या त्या सरकारी शाळेत तिचं नाव निकेश होतं आणि लिंगाच्या रकान्यात ‘मुलगा’ लिहिलेलं होतं. आठवीतल्या पोरीला हे सोंग का करावं लागतं, असा प्रश्न गावात कुणालाही पडत नव्हता.

आईला मात्र पडला. अलिबागला खेपा घालघालून तिने जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र आणलं. नाव केसर, ओळख तृतीयपंथी. ते आलं की शाळेने नोंद बदलायची, असा देशाचा कायदाच आहे. मुख्याध्यापक प्रफुल्ल सरांना तो ठाऊक होता. पण सर कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी अर्ज शाळा समितीपुढे सरकवला आणि हात झटकले.

समितीचे अध्यक्ष होते दादा, म्हणजे प्रज्ञाचे सासरे आणि केसरचे सख्खे आजोबा दिनानाथ.

दादांची गोष्ट गावाला पाठ होती. ते शाळेत गेले तेव्हा त्यांच्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मास्तरांनी खिजवायला म्हणून त्यांचं नाव ‘कचऱ्या’ लिहिलं. पोराचं नाव दिनानाथ आहे, तेच लिहा, असं सांगून वडील थकले. मग त्यांनी पोराला बजावलं, त्या नावाने हाक मारली तर ओ देऊ नको. पोर वर्गात बसायचं, ओ द्यायचं नाही आणि गैरहजेरी लागायची. वडील कामधंदा सोडून शाळेच्या पायरीवर बसून राहिले, तेव्हा कुठे मास्तर नमले. दर संविधान दिनाला दादा ही गोष्ट सांगत आणि केसर हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत असे.

समितीत दादांनी ओळखपत्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आमच्या रक्तात असलं काही नाही, म्हणाले आणि विषय संपला. घरी प्रज्ञाने पाय धरले तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

“या गावानं आपल्याला माणसात घ्यायला किती पिढ्या लावल्या, ठाव हाय ना तुला? आता कुठं लोकं दादा म्हणतात. त्यांना परत हसायला देऊ?”

भीती खोटी नव्हती, हे मान्य. पण तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली नाही. ती नातीकडून वसूल केली.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेला दादा घरची कात्री घेऊन आले. नोंद मुलाची, तर केसही मुलाचे. सगळ्या शाळेदेखत त्यांनी केसरची मान वाकवली आणि केस कापले, कसेही, कुठेही. पोरं हसली. मग खाली पडलेल्या केसांवर पाय देत रांगा वर्गात गेल्या. प्रफुल्ल सर तेवढा वेळ मागच्या बाजूला नळ गळतो का ते बघायला गेले होते. मला त्या कात्रीपेक्षा त्या नळाचा जास्त राग येतो.

त्या दिवसापासून केसरने ओ देणं बंद केलं. निकेश अशी हाक आली की ती ताठ बसून फळ्याकडे बघायची. गैरहजर. फळ्यावर जाऊन गणित सोडवून यायची, तरी गैरहजर. दुपारी ताट घेऊन खिचडीच्या रांगेत उभी राहिली, तर हजर पोरांनाच वाढायचं असा निरोप आला. ती कोरडं ताट घेऊन बाकावर परत बसली. महिना उलटल्यावर सरांनी नियमावर बोट ठेवून तिची गणना शाळाबाह्य मुलांत केली, तिच्याच बाकापाशी उभं राहून. त्या नोंदीखाली दादांनी सही केली.

संविधान दिनाला शाळाबाह्य मुलीला मंडपात जागा नव्हती. ती आईबरोबर कडेला उभी राहिली. दादा माईकपुढे आले. मास्तर हाक मारायचे, मी ओ देत नसे, इथवर येऊन ते नेहमीसारखे टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्यांआधी प्रज्ञा पुढे झाली. तिने आवाज चढवला नाही.

“दादा, पोर तुमचंच ऐकून गप बसली. तुमच्या बापानं तुमच्यासाठी पायरी धरली. तुम्ही कात्री धरलीत.”

केसर आजोबांकडे बघत होती. तिला अजून आशा होती आणि तेच बघवत नव्हतं. दादांनी समोरच्या लोकांवरून नजर फिरवली. मग त्यांनी माईक जवळ ओढला आणि बाहेरच्या माणसांना बाहेर काढा, असं सांगितलं. गोष्ट पुढे सुरू झाली. शेवटी टाळ्याही पडल्या.

मायलेकी मंडपाबाहेर गेल्या, पण फाटकाबाहेर गेल्या नाहीत. त्या शाळेच्या पायरीवर बसल्या. सत्काराचा नारळ कार्यालयात ठेवायला दादा आले, तर वर जायला वाट नव्हती.

“ऊठ,” ते म्हणाले.

“कुणाला म्हणताय दादा?” केसर म्हणाली. “निकेश तर गैरहजर हाय.”

दादा तिला ओलांडून वर गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा दोघी तिथेच होत्या, तिसऱ्या दिवशीही. मास्तर, समितीवाले, पोरं, सगळे त्यांना ओलांडूनच आत जातात. आता केसर वेणी सोडत नाही, कारण सोडायला वेणीच उरलेली नाही. थोडं सरकलं तर पायरीवर आणखी एखाद्याला जागा होते. त्यांच्या शेजारी अजून कुणी बसलेलं नाही. तुम्हाला यायचं असेल, तर अलिबागहून येणारी रिक्षा शाळेच्या दारातच उतरवते.