अंगठा कोणी सोडला?

मी एक जुना, गंजलेला चाकू आहे. शाळेच्या अडगळीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असतो. मित्रांनो, गंजाचं मला फारसं वाईट वाटत नाही. लोखंड आहे, गंजणारच. माझ्या जिवाला लागलंय ते वेगळंच.

जपानातल्या मिकी गावच्या भट्टीत माझा जन्म झाला. दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, तिच्यात मिटून बसणारं पातं आणि पात्याच्या बुडाशी बाहेर डोकावणारी छोटीशी शेपटी. तिला चिकिरी म्हणतात. माझ्यात खटका नाही की स्प्रिंग नाही. अंगठा चिकिरीवर दाबून धरायचा, की पातं उघडं राहतं. अंगठा सोडला, की ते मिटू शकतं. एवढीच माझी अट, आणि ती मी कधी कोणापासून लपवली नाही.

डोंगरातल्या एका गावात तोकूकाकूंचं हत्यारांचं दुकान होतं. तिथे एक दिवस मासुझो आला. लाकडी बादल्या आणि पिंपं बनवणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. सोबत त्याची मुलगी नात्सुए. तिसरीत गेलं की मुलांना पहिला चाकू मिळायचा, पेन्सिलीला टोक करायला. मासुझोने सगळ्यात मोठा, शिंगाच्या मुठीचा चाकू उचलला.

"हाच देऊन टाका. वाढत्या अंगाची पोर आहे."

तोकूकाकू फिसकन हसल्या. "चाकू काय किमोनो आहे होय रे, पुढच्या वर्षी पुरेल म्हणून ढगळ घ्यायला? आण गं बाई, तुझा हात आण."

त्या एकेक चाकू नात्सुएच्या मुठीत ठेवून नुसता तिचा अंगठा बघत होत्या. शिंगाच्या चाकूवर तो शेपटीपर्यंत पोचेचना. मग माझी पाळी आली. तिचा इवलासा अंगठा माझ्या चिकिरीवर अलगद बसला.

"हा तुझा. अंगठा सोडशील?"

"नाही सोडणार."

"बाबा ओरडले तरी?"

"तरी नाही!"

सगळे हसले. मी तर हरखूनच गेलो.

काय दिवस होते ते! मी तिच्या पेन्सिलींना अशी टोकं काढली की मास्तर त्या वर्गभर फिरवून दाखवायचे. बांबूचे चतुर कोरले, वाळवायच्या पर्सिमॉन फळांची सालं काढली. ओढ्याकाठी काम झालं की ती मला पुसायची, कॅमेलियाच्या तेलाचा हात फिरवायची. आणि मासुझो? येईल त्याला सांगायचा, "पोरीचा चाकू बघितलास? निवड कोणाची? माझी!"

मग मे महिन्यातला मुलांचा सण आला. घरात ओकच्या पानात गुंडाळलेल्या, तांदळाच्या गोड मोचींची ताटं फिरत होती, मामामंडळी जमली होती. नात्सुए खांबाला पाठ लावून उभी राहिली. दर वर्षी तिच्या उंचीची खूण त्या खांबावर कोरायची असे. मासुझोचं हत्यार कारखान्यात राहिलं होतं.

"आण तुझाच," तो म्हणाला.

"बाबा, अंगठा चिकिरीवर हं."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून हत्यारं धरतोय मी!"

धरत होता खरा, पण त्याची हत्यारं न मिटणारी. सवयीने त्याचा अंगठा गेला पात्याच्या पाठीवर. चिकिरी मोकळीच राहिली. माझं टोक लाकडात अडकलं, त्याने हिसका दिला आणि मी मिटलो. त्याच्याच दोन बोटांवर.

रक्त बघून सगळे धावले. बोटांना फडकं गुंडाळून झाल्यावर मामाला हसू आवरेना. "काय दाजी, पोराटोरांच्या चाकूनं हात कापलात?"

मासुझो लालबुंद झाला. "चाकूच दगाबाज आहे! आपोआप मिटला. नात्सुए, तू बघत होतीस ना? आपोआपच मिटला ना?"

तिने सगळं पाहिलं होतं, मित्रांनो. अगदी हातभरावरून. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. माझी पोर आहे, बोलेलच.

"हो," ती म्हणाली. "आपोआप."

पुढे शाळेत पालकांची सभा भरली. बांधलेली बोटं उंच करून मासुझो गरजला, "मुलांच्या हातात चाकू नकोत!" खापर माझ्या डोक्यावर, आणि टाळ्या त्याला. मुलांचे चाकू गोळा झाले. डब्यात पहिला मी पडलो. नात्सुएनेच टाकलं, माझ्याकडे न बघता. मग बाकीचे माझ्या अंगावर पडत गेले. त्या बिचाऱ्यांनी तर काहीच केलं नव्हतं.

खूप वर्षांनी झाकण उघडलं. शाळा बंद होणार होती आणि जुनी मुलं आपापल्या वस्तू न्यायला आली होती. समोर नात्सुए होती, आता बाई झालेली. सोबत तिची लेक चिहो. चिहोने नेमकं मलाच उचललं आणि जोर लावून उघडलं. कोणी न सांगता तिचा अंगठा चिकिरीवर जाऊन बसला.

"आई, हा माझ्या हातात बसतो गं! घेऊ?"

"ठेव तो. आपोआप मिटतो. आजोबांची बोटं कापली होती त्यानं."

चिहोने मला दाबून बघितलं, उलटसुलट करून बघितलं. "कुठं मिटतोय? अंगठा ठेवला की नाही मिटत. बघ ना!"

नात्सुएने मला हातात घेतलं. आणि मित्रांनो, तिचा अंगठाही आपसूक चिकिरीवर आला. इतक्या वर्षांनी! तो काहीच विसरला नव्हता. क्षणभर तिने मला घट्ट धरलं. माझ्या गंजलेल्या पात्यात आशा आली.

तिने मला हळूच मिटलं, डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"चल," बाहेरून तिचा आवाज आला. "तुला छानसा शार्पनर घेऊ."

मित्रांनो, तुम्ही पहिला चाकू निवडाल तेव्हा त्याची चमक बघू नका, तुमचा अंगठा कुठवर पोचतो ते बघा. आणि कधी कापलंच, तर रक्त पुसून झाल्यावर अंगठा कुठे होता ते खरं सांगा. चाकूला तोंड नसतं. माझ्या बाजूने बोलू शकणारी एकच होती, आणि ती दोनदा माझ्याविरुद्ध बोलली.