सेटिंगसकट काढून टाका

"सेटिंगसकट काढून टाका" या ओळीपुढच्या चौकोनात वेंडेलने टिचकी मारली आणि मगच त्याच्या छातीत धस्स झालं. तोवर हिरवी पट्टी शेवटाला पोचली होती.

बोट सवयीनेच गेलं होतं. कौंटीच्या कचेरीत बारा वर्षं तो हेच करत आला होता. प्रोग्राम अडला, की मुळासकट उपटायचा आणि कोरा बसवायचा. पण हा कंप्युटर कचेरीतला नव्हता, त्याच्या सासूचा, आयलीचा होता. आजाराने आयलीची वाचा जाऊन दीड वर्ष झालं होतं. वाचा पुरती जाण्याआधी तिने स्वतःच्या आवाजात तीनशेवर वाक्यं भरून ठेवली होती. पडद्यावरच्या बटणाकडे ती नुसती रोखून बघायची, की तिचं वाक्य खणखणीत ऐकू यायचं. आज तो बोलता प्रोग्राम अडला होता.

त्याने प्रोग्राम पुन्हा बसवून उघडला. पडद्यावर एकच बटण. कुणी परका पुरुष म्हणाला, "नमस्कार. आपलं नाव सांगा."

चाकाच्या खुर्चीतून आयली त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"होतंय, होतंय. जरा दम धरा," म्हणत त्याने कपाळाचा घाम बाहीला पुसला.

एवढ्यात त्याच्या बायकोचा, कार्लाचा फोन आला.

"झालं का रे? आई वैतागली असेल."

"होत आलंय."

"आवाज का असा तुझा? काही मोडून ठेवलं नाहीस ना?"

"नाही गं! तू ये. येताना वेलदोड्याचा पाव आण."

धडधडीत खोटं, तेही आयलीच्या तोंडावर.

प्रोग्राम राहतो एकीकडे, आणि माणसाने त्यात भरलेलं सगळं दुसरीकडे, त्या माणसाच्या नावाच्या कप्प्यात, लपवलेलं. हे वेंडेलला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. तो त्या कप्प्यात शिरला. रिकामा. कचऱ्याच्या टोपलीतही काही नाही. आणि नक्कल? नक्कल ठेवा म्हणून कचेरीत रोज लोकांवर ओरडणाऱ्या या शहाण्याने घरी एकही ठेवली नव्हती!

तो खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला.

"आयली, माझ्या हातून घोटाळा झाला. तुमचा आवाज... मी पुसून टाकला बहुतेक."

आयलीने डोळे मिटले. उघडले ते थेट पडद्याच्या वरच्या पट्टीवर नेले, आणि तिथून ते हलेचनात. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती, पाट्या वाचायची सवय होती तिला.

वेंडेलने मागे वळून वाचलं. उघड्या कप्प्याच्या वर नाव होतं, ‘वेंडेल’.

प्रोग्राम काढायला-बसवायला म्हणून तो सकाळीच स्वतःच्या नावाने आत शिरला होता. पुसलं गेलं होतं ते त्याचं, म्हणजे काहीच नाही. तो धडपडत त्या नावातून बाहेर पडला आणि ‘आयली’ नावाने परत आत गेला. पडदा बटणांनी गच्च भरला.

आयलीची नजर लगेच वरच्या कोपऱ्यात गेली.

"वेंडेल, बूट बाहेर काढ! तबेला आहे का हा?"

त्याने पायांकडे बघितलं. बूट होतेच. तो हसायला गेला आणि त्याला रडूच आलं.

आयली एकेक पान उलटत शेवटच्या पानावर गेली. तिथे खाली त्याच्या नावाचं बटण होतं. ते त्याने कधीच बघितलं नव्हतं.

या वाक्यातला आवाज हलका होता, मागे नळ वाहत होता.

"वेंडेल, खूप बोलले रे तुला. मनात काही नव्हतं. पोरीने माणूस चांगला निवडला."

मग भरलेल्या त्याच वाक्यात, नळामागून लांबून कार्लाचा आवाज आला, "आई, कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही. भांडी घासतेय."