किरकोळ सुधारणा

“कोड झोकात लिहितात, आणि काय बदललं विचारलं की दातखीळ बसते,” टिपणवाली स्क्रीनकडे बघत पुटपुटली. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण बदल तिचाच होता.

अ‍ॅपची नवी आवृत्ती निघण्याआधी काय काय बदललं, ते टिपणवाली लिहायची आणि बैठकीत तात्या मोठ्याने वाचायचे. आवाज खणखणीत, म्हणून हे काम पहिल्यापासून त्यांचंच. या खेपेला पंचाईत अशी, की अ‍ॅपमधला शोधायचा भाग, जो तात्यांनी ऐन उमेदीत एकट्याने लिहिला होता, तोच उपटून मुलीने नवा बसवला होता. तात्या तेव्हा रजेवर होते. परतल्यापासून त्यांना हे सांगायला कोणाची जीभ रेटेना. शेवटी टिपणवालीने लिहिलं, ‘शोधात किरकोळ सुधारणा.’ लिहिताना तिची तिलाच लाज वाटली.

बैठकीत तात्या नेमके त्या ओळीपाशी थांबले. सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं.

“किरकोळ?” त्यांनी चष्मा पुसला. “सकाळीच वापरून पाहिला मी. विचारायच्या आत उत्तर देतो. हे किरकोळ, तर मी इतकी वर्षं काय करत होतो?”

“तात्या, आम्ही तुम्हाला...” मुलगी अडखळली.

“तू थांब गं. आणि तुझं नाव कुठाय यात?” मग ते टिपणवालीकडे वळले. “ताई, ते खोडा आणि नीट लिहा. तात्यांचा शोध फार हळू चालायचा, म्हणून काढून टाकला.”